औषधांची पिशवी काउंटरवर ठेवा

वाचकांचे प्रश्न, फार्मासिस्टची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की ज्यांना रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी घरातली सगळी औषधं आपल्या नेहमीच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टला दाखवावीत. त्यावर सांगली, मिरज, तासगाव, पलूस, जत अशा सगळीकडून पत्रं आली. त्यातली काही इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांचं उत्तर त्यातच येतं.

प्रश्न : ताई, माझी आई ७२ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात भाऊ-वहिनीकडे असते, मी पुण्यात. बीपी आणि शुगर बरीच वर्षं आहे, तीन वर्षांपूर्वी मिरजेत अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचे डॉक्टर मिरजेचे, शुगरचे सांगलीचे, गुडघ्यांसाठी तिसरे, आणि ताप-खोकल्याला गावातले. प्रत्येकाची फाईल वेगळी. परवा मोजली तर तेरा प्रकारची औषधं निघाली. हल्ली तिला उठताना चक्कर येते, पाय सुजतात. मी औषधं फार्मासिस्टला दाखवू म्हटलं तर भाऊ म्हणतो, "मेडिकलवाला काय डॉक्टर आहे का?" दाखवून खरंच काही होतं का? आणि काय काय न्यायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमचा भाऊ म्हणतो ते एका अर्थी बरोबर आहे. फार्मासिस्ट डॉक्टर नव्हे. तो निदान करत नाही, चालू औषध बंद करत नाही, डोस कमी-जास्त करत नाही. काउंटरवरून कुणी "ही गोळी बंद करा, काही गरज नाही" असं सांगत असेल, तर तिथे औषधं दाखवायला जाऊच नका.

पण आईच्या चारही डॉक्टरांनी आपापल्या जागी विचार करूनच लिहिलं असणार, आणि तरीही ती तेरा औषधं एका जागी मांडून कुणी बघितलेली नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांसमोर गुडघ्याची फाईल नसते. गावातल्या डॉक्टरांना मिरजेच्या गोळ्यांबद्दल आई सांगेल तेवढंच कळतं. आणि आई घरी त्यातलं नेमकं काय, कधी, कशाबरोबर घेते, हे यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. फार्मासिस्टचं काम इथे येतं. सगळं एकत्र मांडायचं, कुठली गोळी कशासाठी आहे ते लावायचं, कुठे अडतंय ते लिहायचं आणि तो कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. ऑस्ट्रेलियात २००१ पासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन हे काम करतो आणि त्याचे पैसे सरकार देतं. इंग्लंडमध्ये २०११ पासून ठरावीक आजारांवर नवीन औषध सुरू झालं, की पहिल्या काही आठवड्यांत फार्मासिस्ट रुग्णाशी बोलून ते नीट चाललंय का बघतो. आपल्याकडेही फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये रुग्णाचं समुपदेशन हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, काउंटरवर गर्दी असते, आणि लोकही विचारत नाहीत. विचारलं तर मनापासून करणारे फार्मासिस्ट आपल्या भागात आहेत. म्हणून विचाराच.

न्यायचं काय, तर सगळं. चालू असलेल्या गोळ्या, मागच्या वर्षी उरलेल्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलम, खोकल्याचं औषध, चूर्ण, काढा, टीव्हीवर बघून मागवलेली बाटली, शेजारणीने दिलेली पित्ताची गोळी. घरून निवडून आणू नका. "ही रोज नाही घेत हो, कधीतरीच" असं म्हणून जी घरी ठेवून येतात, नेमकी तीच बघायची असते. डब्यात काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या असतील तर डबाही आणा. सगळ्या फाईली, डिस्चार्ज कार्ड, बीपी-शुगरची वही, आणि गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट आणा. त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम असेल तर फारच बरं. आणि आईला घेऊन या. आई गोळ्या कशा घेते याबद्दल घरातल्या माणसांना वाटतं एक आणि ती घेत असते वेगळंच, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

अशी सगळी औषधं घेऊन फार्मासिस्टबरोबर बसलं की काय निघतं, ते एका काकांच्या पिशवीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

काका बुधगावच्या बाजूचे, सत्तरीच्या पुढचे. तक्रार तुमच्या आईसारखीच, सकाळी उठताना चक्कर आणि घोट्याला सूज. मी पिशवी काउंटरवर रिकामी केली आणि पट्ट्या आजारानुसार ओळीत मांडल्या. बीपीच्या ओळीत दोन पट्ट्या आल्या. एक निळसर, एक चंदेरी, कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. काका निळी सकाळी घ्यायचे, चंदेरी रात्री. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक, म्हणजे आतलं मूळ औषध, छापलेला असतो, तो वाचला. निळीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. चंदेरीत टेल्मिसार्टन ४० आणि वर अ‍ॅम्लोडिपीन ५. एक पट्टी जुन्या डॉक्टरांची, दुसरी दवाखान्यात अ‍ॅडमिट असताना सुरू झालेली. घरी आल्यावर जुनी बंद करायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलेलं लक्षात राहिलं नव्हतं. नावं वेगळी, त्यामुळे काकांना ती दोन वेगळी औषधं वाटत होती.

पुढच्या ओळीत लघवी जास्त होण्याची गोळी होती. ती कशासाठी, तर पाय सुजले म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. आता अ‍ॅम्लोडिपीनने घोट्याला सूज येणं हा त्या औषधाचा नेहमीचा, सगळ्यांना माहीत असलेला त्रास आहे. त्या डॉक्टरांना चंदेरी पट्टीबद्दल माहिती असती तर त्यांनी आधी तीच बघितली असती. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी चालू झाली होती. असंच कोरड्या खोकल्याचंही होतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना ठसका लागतो, आणि माणूस महिनोन् महिने खोकल्याच्या बाटल्या आणत राहतो.

आणि पिशवीच्या तळाला, दुसऱ्या मेडिकलच्या कागदी पुडीत, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. गुडघ्यांसाठी, दिवसातून दोनदा, चिठ्ठीशिवाय. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी सर्रास दिली जाते. याचा मला मनापासून राग येतो, कारण टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि अशी दुखण्याची गोळी ही तीन एकत्र आली की किडनीवर ताण येतो. वयस्कर माणसाला जुलाब झाले, उन्हात पाणी कमी पडलं, की तेवढ्यावरून क्रिएटिनिन चढू शकतं. शिवाय दुखण्याच्या गोळीने बीपी वाढतं, ते वेगळंच.

मी काकांचं बीपी बसून मोजलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसपेक्षा जास्त खाली आला. मी त्यांना कुठलीच गोळी बंद करायला सांगितली नाही. त्यांच्या समोरच डॉक्टरांना फोन लावला, काय दिसलं ते सांगितलं आणि तेच एका कागदावर लिहून दिलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं, रक्त तपासलं, बीपीची एक पट्टी बंद केली आणि दुसरी बदलली, दुखण्याची गोळी थांबवून साधं पॅरासिटामॉल दिलं. सूज उतरत गेल्यावर लघवीची गोळीही त्यांनीच काढली.

तुमच्या आईचंही असंच असेल असं मी म्हणणार नाही. चक्कर शुगर कमी झाल्यानेही येते, हिमोग्लोबिन कमी असल्यानेही येते. सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, म्हणून डॉक्टरांची वेळ पुढे ढकलू नका. चक्कर येते त्याच वेळी शुगर आणि बीपी मोजून वहीत लिहायला वहिनींना सांगा. पण एक गोष्ट आजच फोन करून विचारा. आई गुडघ्यांसाठी कुठली दुखण्याची गोळी घेते? अँजिओप्लास्टीनंतर तिला अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असणार. त्याच्या जोडीला दुखण्याची गोळी आली तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. शौचाला काळं डांबरासारखं होत असेल तर पिशवी-बिशवी राहू दे, सरळ दवाखान्यात न्या. आणि कुणाचंही ऐकून रक्त पातळ होण्याची गोळी परस्पर बंद करू नका. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत ठेवतात ती बारीक जाळी) बसवलेल्या माणसाने ती अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. तिच्याबरोबर दिलेली पित्ताची गोळीही "पित्त तर नाही" म्हणून सोडायची नाही. ती बहुतेक वेळा पोटाच्या रक्षणासाठी दिलेली असते. मेटोप्रोलॉलसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या, फिट्सची औषधं, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉईड, हीसुद्धा एकदम थांबवायची नसतात.

बसण्यातून शेवटी तुमच्या हातात एक कागद यायला हवा. त्यावर प्रत्येक औषधाचं घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कधी, आणि कुणी लिहिलं. "कशासाठी" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरता येत नाही अशी गोळी सापडली, की तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. त्या कागदाचा फोटो तुमच्या आणि भावाच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि चारही फाईलींत एकेक झेरॉक्स पहिल्या पानावर लावा. पुढच्या वेळी कुठलाही डॉक्टर फाईल उघडेल तेव्हा त्याला बाकीच्या तिघांचं लिहिलेलं आधी दिसेल.

प्रश्न : आमच्या मेडिकलमध्ये दोन-तीन मुलं गोळ्या देतात. त्यातला फार्मासिस्ट कोण ते कसं ओळखायचं? आणि एवढ्या गर्दीत कोण बसून बोलणार?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : सरळ विचारायचं, "फार्मासिस्ट कोण आहेत?" यात कुणाचा अपमान नाही. दुकानात परवान्याशेजारी फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं. त्यावर नाव असतं. ते नाव असलेली व्यक्ती दुकानात कधीच दिसत नसेल, तर औषधं दाखवायला दुसरं दुकान शोधा.

वेळेचं म्हणाल तर संध्याकाळी सहा ते नऊ कुणालाच जमणार नाही. डॉक्टरांच्या ओपीडी तेव्हाच सुटतात. दुपारी दोन ते चार आमच्याकडे शांत असतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, "उद्या दुपारी आईला घेऊन सगळी औषधं आणतो, अर्धा तास लागेल." काउंटरवर सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर तसंही सांगा. बायका लघवीच्या त्रासाबद्दल, पुरुष प्रोस्टेटच्या गोळीबद्दल लोकांपुढे बोलत नाहीत आणि तेवढंच सांगायचं राहून जातं.

औषधं शक्यतो एकाच दुकानातून घ्या. मग तिथल्या माणसाला तुमची सवय होते, आणि नवीन चिठ्ठी आली की जुनी त्याला आठवते. तीन दुकानांत तीन औषधं घेतलीत तर ती एकत्र बघणारं कुणी उरत नाही.

प्रश्न : काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल हे तर घरगुती. तेही दाखवायचं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दाखवायचं. आपण हळदीच्या पेठेत राहतो. भाजीतली, दुधातली हळद हा आपला रोजचा आहार आहे, तिला कुणी हात लावत नाही. पण कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क पुष्कळ जास्त प्रमाणात असतो, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी तर अशी कुठलीही कॅप्सूल विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ज्येष्ठमध घशाला चांगलं, पण बरेच दिवस रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. इसबगोल रात्री इतर गोळ्यांबरोबर घेतलं तर त्या गोळ्या अंगी लागायला अडथळा होतो, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे लो सोडियम मीठ. बीपी आहे म्हणून मुलं कौतुकाने आणून देतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल घेणाऱ्याचं पोटॅशियम आधीच वरच्या बाजूला असू शकतं, किडनी अधू असेल तर आणखीच. अशांनी हे मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरावं. साधं मीठ कमी खाल्लेलं उत्तम.

लेबल नसलेली, पुडीत बांधून मिळणारी सांधेदुखीची भुकटी असेल, आणि चार दिवसांत जादू झाल्यासारखं वाटत असेल, तर ती घेऊन नक्की या. अशा भुकट्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चेहरा सुजणं, शुगर अचानक वाढणं ही त्याची खूण असते. अशी भुकटी बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : सासूबाई एकादशी आणि नवरात्र करतात. शुगरची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही? आम्ही सांगून ऐकत नाहीत.
— एक वाचक, पलूस

उत्तर : उपवास सोडा असं सांगून त्या ऐकणार नाहीत, आणि मीही तसं सांगणार नाही. पण गोळी कोणती आहे यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून पट्टी उलटून घटक वाचा. ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाईड असेल तर पोट रिकामं असतानाही ती शुगर खाली खेचते. घाम, थरथर, धडधड, बोलताना गोंधळ, ही लक्षणं दिसली तर उपवास तिथेच मोडायचा. शुगर ७० च्या खाली असो किंवा मोजायला यंत्र नसो, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. इन्सुलिनलाही हेच लागू. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक खाली जाण्याची भीती फार कमी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करूच नये. त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात, अंगातलं पाणी तुटतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं.

उपवासाच्या दिवशी डोस किती, हे आधीच्या आठवड्यात डॉक्टरांकडून लिहून घ्या. आषाढीला देवळाच्या रांगेत उभं राहून विचारायची ती गोष्ट नाही. आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, रताळं, वऱ्याचे तांदूळ असं भरपूर झालं तर शुगर खाली न जाता चढते, तेही सासूबाईंना सांगा. मोजून दाखवलंत तर पटेल.

प्रश्न : दर वेळी गोळीची कंपनी बदलून मिळते. जनऔषधीमधून आणली तर रंगच वेगळा. ती चालते का?
— एक वाचक, जत

उत्तर : घटक तोच, मिलिग्रॅम तेवढेच आणि पुढे लिहिलेली एसआर, ईआर (म्हणजे हळूहळू सुटणारं औषध) अशी अक्षरंही तीच असतील, तर काम तेच. जनऔषधीच्या गोळ्या स्वस्त आहेत म्हणून कमअस्सल समजू नका. पैशांअभावी गोळ्या अर्ध्यावर सोडण्यापेक्षा त्या कितीतरी चांगल्या. मात्र थायरॉईड आणि फिट्सच्या गोळ्यांची कंपनी वरचेवर बदलू नये, बदलली तर डॉक्टरांना कळवावं. चिठ्ठीवर एक ब्रँड असताना दुकानदाराने परस्पर दुसरा देणं नियमात बसत नाही, तेव्हा "डॉक्टरांना विचारलंत का?" हे जरूर विचारा.

नवीन कंपनीची पट्टी घरी आली की जुनी पट्टी तिच्याशेजारी ठेवून घटक ताडून बघा, आणि जुनी संपेपर्यंत नवी उघडू नका. वरच्या काकांचा घोटाळा असाच झाला होता. आणि ज्या गोळीवर एसआर किंवा ईआर आहे ती कुटून, तोडून द्यायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. गिळता येत नसेल तर सांगा, डॉक्टर दुसरा प्रकार देऊ शकतात.

प्रश्न : थायरॉईडची गोळी सकाळी चहाबरोबर घेते, लगेच कॅल्शियमही. रिपोर्ट काही सुधारत नाही.
— एक वाचक, विटा

उत्तर : उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा-नाश्ता नको. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनंतर, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. अशी सहा ते आठ आठवडे घेऊन मग टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा. डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टरांनी त्यानंतर ठरवलेलं बरं, म्हणून तुम्ही आतापर्यंत चहाबरोबर घेत होता हे त्यांना सांगा.

प्रश्न : आमचं घर मारुती चौकाजवळ. दोनदा पुरात सापडलो. औषधांची तयारी काय ठेवावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : या पत्रासाठी मी मनापासून आभारी आहे, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये मी हे जवळून बघितलं. कृष्णेचं पाणी शिरल्यावर लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते. औषधं घरात, फाईल घरात, नेहमीचं मेडिकल पाण्यात. "बीपीची बारीक पांढरी गोळी" एवढ्यावर आम्ही काय देणार? बारीक पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. ज्यांच्या मोबाईलमध्ये पट्टीचा फोटो होता त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आधीच्या अनुभवामुळे काहीजण फोटो काढूनच निघाले होते.

तेव्हा पावसाळ्याआधी पट्टीचा पुढून आणि मागून फोटो काढा, चिठ्ठीचाही काढा, आणि ते फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाईकालाही पाठवून ठेवा. जून ते सप्टेंबर घरात निदान दोन आठवड्यांची औषधं जास्तीची असू द्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, वरच्या फळीवर. लाईट गेली म्हणून इन्सुलिन फेकू नका. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, नेमकी मुदत पाकिटातल्या कागदावर बघा. बर्फाला टेकवून मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पुराचं पाणी लागलेल्या गोळ्या, बाटल्या, थेंब टाकून द्यायचे. ज्या गोळीवाचून चालणारच नाही आणि जिची पट्टी आतून कोरडी, शाबूत आहे, ती दुसरी मिळेपर्यंतच घ्यावी.

प्रश्न : फार्मासिस्टने काही दाखवून दिलं आणि ते डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग त्याच्याकडूनच औषध घ्या." आता विचारायची भीती वाटते.
— एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : असं बोलणं ऐकावं लागलं याचं वाईट वाटतं. बहुतेक डॉक्टर मात्र पूर्ण यादी समोर आली की खूश होतात. ओपीडीच्या गर्दीत ती विचारून काढायला त्यांना वेळ नसतो. मी फोन करते तेव्हा "बरं झालं सांगितलंत" असंच बहुतेकदा ऐकू येतं.

फक्त तोंडी निरोप नेऊ नका. "मेडिकलवाले म्हणाले तुमची गोळी चुकीची आहे" असा त्याचा अर्थ होतो आणि बोलणं तिथेच संपतं. फार्मासिस्टकडून लिहूनच घ्या, आणि कागदावर त्याचं नाव आणि दुकानाचा फोन नंबर असू द्या. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ, "रुग्ण सध्या पुढील औषधं घेत आहे. यात टेल्मिसार्टन दोन पट्ट्यांमध्ये आहे. उभं राहिल्यावर बीपी कमी होतं, आकडे सोबत दिले आहेत. कृपया बघावं." कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, मी एवढी सगळी औषधं घेते, एकदा एकत्र बघाल का?" बघायला वेळ नसेल तर यासाठी वेगळी वेळ मागून घ्या. यादीची एक प्रत फाईलला लावून या.